ओलाव्याचा सेन्सर ओलाव्यातच टिकवायचा कसा? कोल्हापूरच्या रानासाठी

ओलावा मोजायला पुरलेला सेन्सर ओलाव्यानेच मरतो. ठिबकवर ऊस करणाऱ्या आणि हौसेने स्वतः सर्किट जोडणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या पावसाळ्यानंतरची तक्रार हीच असते. जूनपर्यंत आकडे नीट येत होते, मग एक दिवस तो ‘माती चिंब’ दाखवायला लागला आणि ऑक्टोबरच्या उन्हातही चिंबच राहिला. उपटून पाहावं तर वरून धड दिसतो. मग दुकानदाराला शिव्या, चायना मालाला शिव्या आणि नवा सेन्सर.

माल स्वस्तातला असतो हे खरंच. पण यातले बरेच सेन्सर वाचवता येतात आणि त्याला महागडं काही लागत नाही. पाणी कोणत्या वाटेने आत जातं एवढं कळलं पाहिजे. लोक सेन्सरच्या सपाट पट्टीवर वार्निशचे थरावर थर देतात. तिथून पाणी फारसं जातच नाही. ते जातं पट्टीच्या कापलेल्या कडेतून, वायरीच्या पोटातून आणि बोर्ड-बॅटरी ठेवतो त्या डब्यातल्या हवेतून. पैसा आणि वेळ घालायचा तो या तीन ठिकाणी.

बारामतीच्या प्रयोगानंतर उसातल्या सेन्सरची आणि एआयची चर्चा गावागावांत पोचली आहे. त्यातले हजारो रुपयांचे सेन्सर कंपनीतूनच सीलबंद होऊन येतात, त्यांना हात लावू नका. खालची सगळी पद्धत ‘व्ही १.२’ छापलेल्या, दीडशे रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या साध्या कपॅसिटिव्ह सेन्सरसाठी आहे, म्हणजे मातीतून वीज न वाहवता, ओलाव्याने बदलणारी वीज साठवण्याची क्षमता (कपॅसिटन्स) मोजणाऱ्या सेन्सरसाठी.

आधी रोग समजून घ्या

सेन्सरची पट्टी म्हणजे फायबरग्लास आणि इपॉक्सीचा तक्ता. त्यावर तांब्याचे पट्टे आणि त्यांच्यावर सोल्डर मास्कचा, म्हणजे तांबं झाकणाऱ्या लेपाचा, पातळ थर. तांबं मातीला थेट लागत नाही, म्हणून हा सेन्सर गंजत नाही अशी जाहिरात असते. तोंडापुरतं ते बरोबर आहे. पण कारखान्यात मोठ्या तक्त्यातून एकेक सेन्सर कापून काढतात तेव्हा चारी कडा उघड्या राहतात. नखाने चाचपलं तर काचेचे धागे हाताला लागतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं या धाग्यांच्या कडेने पाणी आत चढतं. तक्ता पाणी प्यायला की पट्टीचं स्वतःचं कपॅसिटन्स वाढतं आणि बाहेर माती कोरडी असली तरी आकडा ओलाच येतो. ऑक्टोबरातल्या ‘चिंब’चं कारण बहुतेक वेळा हेच.

दुसरी वाट वायरीची. आपण वापरतो त्या वायरीत बारीक तारांचा झुपका असतो आणि त्या तारांमधल्या फटींतून पाणी केशाकर्षणाने पुढे सरकतं. टोकाला एक थेंब लागला तरी ओल वायरीच्या आतून बरीच लांब जाते. वरून प्लास्टिक अगदी कोरडं असतं, त्यामुळे संशय येत नाही. वायर सोलल्यावर आत तांबं काळं पडलेलं दिसतं. त्या काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, ही त्याची खूण.

तिसरी वाट हवेची. उन्हात डबा तापला की आतली हवा फुगून फटींतून बाहेर जाते. वळवाच्या सरीने तोच डबा एकदम गार पडला की आतली हवा आक्रसते आणि त्याच फटीतून ओली हवा, कधी थेट पाणीच, आत ओढलं जातं. रोज थोडं थोडं असं चालतं. डब्याच्या झाकणाला आतून घाम दिसतो तो पावसाचा नसतो, या श्वासाचा असतो.

नुसतं पाणी तांब्याचं लगेच काही बिघडवत नाही. पाणी, क्षार आणि व्होल्टेज एकत्र आले की खरं नुकसान सुरू होतं. आपल्याकडे क्षारांची कमी नाही. शिरोळ-हातकणंगले भागातल्या चोपण आणि खारवट जमिनी सोडाच, चांगल्या जमिनीतही ठिबकमधून युरिया, १२:६१, ०:५२:३४, पांढरं पोटॅश आठवड्याला जात असतं. पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. यातला क्लोराईड तांब्याला वाईट आणि स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडणारा. त्यातच ड्रीपर चोंदले म्हणून लाइनमधून ॲसिड सोडतात. ड्रीपरच्या तोंडाशी बसलेल्या सेन्सरला हे सगळं अगदी ताजं मिळतं.

घेताना काय पाहायचं

दोन लांब पाय असलेला, पायांवर चंदेरी किंवा सोनेरी मुलामा दिसणारा रेझिस्टिव्ह सेन्सर कायमच्या कामाला घेऊ नका. त्याची मोजणी मातीतून वीज वाहवूनच होते, त्यामुळे तांबं उघडं ठेवणं भागच असतं. सतत डीसी व्होल्टेज राहिलं की इलेक्ट्रॉलिसिस होऊन धन बाजूचा पाय विरघळतो आणि ते तांबं तुमच्याच मातीत उतरतं. खत दिलेल्या रानात हे फार लवकर होतं. कोटिंग द्यावं तर मोजणीच बंद. शाळेच्या प्रदर्शनात कुंडीत खोचायला ठीक आहे. घरात पडूनच असेल आणि वापरायचाच असेल तर फक्त मोजताना वीज द्या आणि दर मोजणीला धन-ऋण उलटं करा, एवढाच त्यावर उपाय.

कपॅसिटिव्हमध्येही दोन गोष्टी दुकानातच बघायच्या. आठ पायांच्या चिपवर टीएलसी५५५ आहे का एनई५५५, हे भिंगाने वाचा. एनई५५५ ला साधारण साडेचार व्होल्टच्या खाली भरवशाने चालता येत नाही आणि सेन्सरचे आकडे वाचणारे ईएसपी३२ सारखे बोर्ड तर ३.३ व्होल्टवर चालतात. टीएलसी बघूनच घ्या. दुसरं, मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून लाल प्रोब सिग्नलच्या पिनला आणि काळा ग्राउंडला लावा. सुमारे १ मेगाओहम दिसला पाहिजे. काहीच दिसलं नाही, तर त्या तुकड्यात एका रेझिस्टरचं टोक ग्राउंडला जोडायचं राहिलेलं आहे. बाजारात असा माल भरपूर फिरतो. तो सेन्सर चालतो, पण त्याचा आकडा स्थिर व्हायला फार वेळ घेतो आणि दोष पाण्यावर जातो. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये बाहेरून १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडला की भागतं. पण सगळं सीलबंद करून झाल्यावर हे लक्षात आलं तर हात लावायला जागा उरत नाही, म्हणून आधी.

काय काय लागेल

बहुतेक सामान शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मिळतं: सावकाश सुकणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी (ॲरलडाइटचं साधं, पाच मिनिटांवालं नको), एम-सील, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, ३२ एमएमच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, तीन कोरची गोल केबल. आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (शेकल्यावर आवळणारी नळी) मात्र नीट विचारून घ्या. काउंटरवर मिळते ती बहुधा बिनगोंदाची असते. ती आवळते, पण सील करत नाही. उलट आत गेलेलं पाणी धरून ठेवते.

दोन वस्तूंपासून लांब राहा. पहिली, ग्लू गन. तिचा गोंद पीसीबीला (सेन्सरच्या बोर्डला) नीट चिकटत नाही, उन्हात मऊ होतो, थंडीत सुटतो आणि सुटलेल्या फटीत पाणी साठतं. दुसरी, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो. खिडकीच्या काचेला ते उत्तम, पण तांब्यावर लावलं तर गंज आपणच आणून बसवल्यासारखं होतं. सिलिकॉन वापरायचंच असेल तर नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलंय का पाहा.

नेलपॉलिशबद्दल सगळे विचारतात. पारदर्शक नेलपॉलिश कडांना लावलेलं काहीच न लावण्यापेक्षा नक्की बरं. पण तो थर ठिसूळ असतो, मातीच्या घर्षणाने निघतो आणि दर हंगामाला पुन्हा लावावा लागतो. कुंडीसाठी चालेल, रानासाठी इपॉक्सीच.

पायरी १: धुणं आणि वाळवणं

ही पायरी लोक गाळतात आणि मग कोटिंगच्या नावाने बोटं मोडतात. सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून वापरतात तो राळेसारखा पदार्थ), हाताचा घाम, तेलकटपणा बोर्डवर राहिला तर त्यावरचा थर धरत नाही आणि खाली अडकलेला फ्लक्स ओल ओढून आतल्या आत गंज लावतो. तीन पिनांचा पांढरा कनेक्टर काढून टाका आणि वायरी थेट बोर्डला सोल्डर करा, कारण मातीत जाणाऱ्या कनेक्टरचा भरवसा नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने दोन्ही बाजू घासून घ्या. कडांवर पॉलिश पेपर हलकेच फिरवा, म्हणजे सुटे धागे निघतील आणि इपॉक्सीला पकड मिळेल. सपाट तोंडावर पेपर फिरवायचा नाही, तिथला मास्क पातळ असतो.

धुतल्यावर वाळवणं महत्त्वाचं. कडक उन्हात पत्र्यावर दोन-तीन तास, किंवा ५० ते ६० अंशांवर ओव्हनमध्ये. पावसाळ्यात हे काम काढू नका, हवेतच इतका दमटपणा असतो की ओल आत ठेवून वरून झाकण लावल्यासारखं होतं. मार्च ते मे हा या कामाचा हंगाम.

पायरी २: कडा

इपॉक्सीचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्या. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कायमचं मऊ राहतं. चांगलं घोटून काडीने तीन कडांना, म्हणजे दोन बाजू आणि खालच्या टोकाला, पातळ थर द्या. टोकाला जास्त लक्ष, कारण खोचताना खडा तिथेच लागतो. पहिला थर सुकल्यावर दुसरा. कडेवरून तोंडाकडे एक-दोन मिलिमीटर वळलं तर चांगलंच.

सपाट तोंडावर मात्र हात आवरा. या सेन्सरचं विद्युत क्षेत्र पट्टीच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच बाहेर पोचतं. तिथे इपॉक्सीचा जाड थर बसला तर ते क्षेत्र मातीत कमी आणि इपॉक्सीत जास्त राहतं. सेन्सर वॉटरप्रूफ होतो आणि मोजायचाच विसरतो. तोंडाला हवं तर ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्ड झाकणाऱ्या पातळ लेपाचा) स्प्रे दोन पातळ हातांनी मारा.

पायरी ३: डोकं बंद करणं

पट्टीवरच्या पांढऱ्या रेषेच्या वर चिप, रेग्युलेटर, रेझिस्टर असतात. दुकानदार सांगतो, रेषेच्या वरचा भाग मातीबाहेर ठेवा. कुंडीत ते जमतं. उसात तीस सेंटिमीटर खोल पुरायचं असेल तर डोकंही मातीतच जाणार, त्यामुळे त्याला पूर्ण बुडवून टाकणं हाच मार्ग.

सेन्सरची रुंदी सुमारे २३ मिलिमीटर असते, म्हणून २५ एमएमच्या पाइपमध्ये तो बसत नाही, ३२ चा लागतो. असे तुकडे कुठल्याही मोटर-घरात पडलेले असतात. डोकं पूर्ण झाकून वर दोन-तीन सेंटिमीटर उरेल एवढा तुकडा कापा. आतून पॉलिश पेपरने खरवडा, गुळगुळीत पीव्हीसीवर इपॉक्सी धरत नाही. सेन्सरचं डोकं आत घालून खालचं तोंड पट्टीच्या भोवती एम-सीलने बंद करा. एम-सील रेषेच्या खाली फार उतरू देऊ नका. ते कडक झालं की सेन्सर उभा धरून वरून इपॉक्सी ओता.

एका दमात पाइप भरायचा नाही. जाड थर सुकताना आतल्या आत बराच तापतो, आक्रसतो आणि कधी बोर्डवरचे सांधे ओढतो. अर्धा भरा, तो बसू द्या, मग उरलेला. ओतण्यापूर्वी मिश्रणाची वाटी कोमट पाण्यात ठेवली तर ते पातळ होतं आणि बुडबुडे वर येतात. पूर्ण कडक व्हायला किमान एक दिवस द्या, थंडीत जास्त.

आता केबलचा बारकावा, आणि या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा. केबलचं बाहेरचं जाड आवरण तसंच इपॉक्सीत बुडवलं तर पाणी आवरणाच्या आतून, तीन कोरांमधल्या पोकळीतून, सरळ डोक्यात उतरतं. म्हणून पाइपच्या आत येणारं आवरण तीनेक सेंटिमीटर सोला, म्हणजे इपॉक्सी प्रत्येक कोरच्या भोवती जाईल. शिवाय प्रत्येक कोरवर एका जागी दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक काढून उघड्या तारांमध्ये सोल्डर भरा. तारांमधल्या फटी सोल्डरने बुजल्या की केशाकर्षणाची वाट तिथे तुटते. तिन्ही कोरांवर ही उघडी जागा वेगवेगळ्या उंचीला घ्या, नाहीतर शॉर्ट होईल. आवरण न सोललेली एखाद-दोन सेंटिमीटर केबलही इपॉक्सीत बुडाली पाहिजे, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही.

पायरी ४: रानातले सांधे

सगळ्यात चांगला सांधा म्हणजे नसलेला सांधा. सेन्सरपासून डब्यापर्यंत अखंड केबल टाका. जोडावीच लागली तर सबमर्सिबल मोटरची केबल जोडणाऱ्या वायंडरकडे बघा, बोअरमध्ये शेकडो फूट खाली वर्षानुवर्षं टिकणारा सांधा तो रोज करतो. तारा घासून चकचकीत करणं, पीळ मारून सोल्डर करणं, तिन्ही सांधे एका ओळीत न आणता मागेपुढे घेणं, मग प्रत्येकावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळणं आणि शेवटी सगळ्यावर एक आवरण. आपल्यासाठी ते आवरण म्हणजे गोंदाची हीट श्रिंक. हीट गनने मधून कडेकडे शेकत जा, दोन्ही टोकांना गोंद बाहेर डोकावला की झालं. लायटरने शेकलं तर एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. साधी काळी पीव्हीसी टेप मातीत वर्षभरात सुटते, तिच्यावर विसंबू नका.

पायरी ५: बादली

रानात पुरण्यापूर्वी घरीच मारायचा प्रयत्न करा. सेन्सर उन्हात चांगला तापवा आणि मिठाचं थंड पाणी भरलेल्या बादलीत डोक्यासकट एकदम बुडवा. डोक्यात कुठे पोकळी राहिली असेल तर तिथली हवा आक्रसून पाणी आत ओढेल, म्हणजे रानात वळवाच्या वेळी जे होणार तेच इथे होईल. रात्रभर ठेवा. सकाळी मल्टिमीटर सगळ्यात वरच्या रेंजला लावून एक प्रोब पाण्यात आणि दुसरा केबलच्या प्रत्येक कोरला लावा. काहीच दिसायला नको. मेगाओहममध्येही काही आकडा आला तर कुठेतरी वाट आहे.

बुडवल्यावर अर्ध्या तासाने सेन्सरचा आकडा लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशीचा त्याच्याशी ताडा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. आकडा हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल तर कडा पाणी पितेय, परत पायरी दोनवर.

पायरी ६: नव्याने जुळवणी

कोटिंगनंतर जुने आकडे बाद. दुकानातल्या कोऱ्या सेन्सरचे ‘हवेत इतका, पाण्यात इतका’ हे आकडे कोटिंग केलेल्याला लागू होत नाहीत, आणि हवा-पाण्याच्या दोन टोकांवरून काळ्या मातीचा अंदाज नीट लागतही नाही. स्वतःच्या रानातली माती आणा, ढेकळं फोडा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा. मग २ किलो कोरडी माती घेऊन दर वेळी १०० मिली पाणी मिसळा, म्हणजे वजनाने ५ टक्के ओलावा वाढत जाईल. प्रत्येक टप्प्याला माती डब्यात त्याच खुणेपर्यंत दाबून भरा आणि आकडा लिहा. भारी काळी माती पाणी खूप धरते, त्यामुळे ३५-४० टक्क्यांपर्यंत जावं लागतं. प्रत्येक सेन्सरचा तक्ता वेगळा आणि त्याचा नंबर केबलच्या दोन्ही टोकांना.

यानंतर एक काम रानातच: वाफसा आला असं हाताला कळतं त्या दिवशी सेन्सर काय सांगतो ते लिहून ठेवा. पाणी कधी सोडायचं हे ठरवताना टक्क्यांपेक्षा तो आकडा जास्त उपयोगी पडतो.

पायरी ७: पुरणं

एक सेन्सर २०-३० सेंटिमीटरवर, दुसरा ४५-६० वर, म्हणजे पाणी मुळांपाशी थांबतंय की खाली निसटतंय ते कळतं. ड्रीपरपासून १०-१५ सेंटिमीटर बाजूला घ्या, थेट तोंडाखाली नको, खताचा ताजा मारा तिथेच असतो. पट्टी आडवी सपाट ठेवली तर तिच्यावर पाणी साचतं, म्हणून उभी किंवा तिरकी. हातोडीने किंवा पायाने दाबून खोचू नका, कडांवरचं इपॉक्सी तडकतं. आधी सळईने वाट करा, त्याच मातीचा पातळ चिखल ओता आणि त्यात पट्टी सरकवा. पट्टी आणि मातीत हवा राहिली तर आकडा खोटा येतो.

काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेग नेमकी सेन्सरच्या कडेने जाते, कारण तिथे माती आधीच फोडलेली असते. त्याला पक्का उपाय नाही. पाचटाचं आच्छादन ठेवलं तर भेगा कमी पडतात. माती फुगते-आक्रसते तशी केबलही ओढली जाते, म्हणून सेन्सरजवळ केबलचा एक सैल वेटोळा पुरा. केबल वर आणताना आधी सेन्सरच्या पातळीखाली उतरवून मग वर घ्या, म्हणजे केबलच्या कडेने उतरणारं पाणी त्या वळणावर थांबेल.

उंदरांसाठी केबल पाइपमधून न्या. बिनड्रीपरची जुनी १६ एमएम लॅटरल या कामाला झकास. तिचं खालचं टोक मात्र बंद करू नका, आत पाणी साठून राहील. भरणीच्या वेळी औताचा फाळ किंवा पॉवर टिलर कुठून फिरतो ते पाहून केबल वरंब्याच्या कडेने टाका, सरीतून आडवी टाकलेली केबल मोठ्या बांधणीला तुटतेच. आणि तोडणीनंतर पाचट पेटवणार असाल तर सेन्सरचा विषयच सोडा. एरवीही पाचट जाळू नये, पण जिथे केबल पुरली आहे तिथे तर टोळीच्या मुकादमाला आधी सांगून ठेवा आणि काठीला लाल फडकं बांधा.

पायरी ८: डबा

डब्यावर आयपी६५ किंवा आयपी६७ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) लिहिलेलं पाहून लोक निर्धास्त होतात. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ती परीक्षा झाकण नीट बसवलेल्या, भोक न पाडलेल्या डब्याची असते. तुम्ही ड्रिलने पहिलं भोक पाडलंत की त्या आकड्याची जबाबदारी तुमच्यावर आली.

सगळी भोकं तळाला. एका केबलला एक ग्लँड (केबलभोवती रबर आवळून भोक बंद करणारा नट): ३ ते ६.५ मिलिमीटरच्या गोल केबलला पीजी७, त्याहून जाड ८ मिलिमीटरपर्यंतच्या केबलला पीजी९. एकाच ग्लँडमधून दोन वायरी किंवा चपटी केबल काढली तर रबर भोवतीने बसत नाही. डब्यात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्या, थेंब तिथून गळतील.

डबा पूर्ण हवाबंद करावा की श्वास घेऊ द्यावा, यावर दोन मतं आहेत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या पावसात पूर्ण हवाबंद डबा रानात कुणाकडून होत नाही, असं माझं मत. कुठेतरी श्वास घेतोच, आणि मग आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. त्यापेक्षा तळाला हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा व्हेंट प्लग बसवा. तो मिळाला नाही तर ३ मिलिमीटरचं भोक आणि त्यावर बारीक जाळी, नाहीतर मुंग्या महिनाभरात आत घर करतात. घाम येणारच हे धरून आतल्या बोर्डांना कन्फॉर्मल कोटिंग द्या. कनेक्टर, एसडी कार्ड, यूएसबीचं तोंड यांना आधी टेप लावून झाका. सिलिका जेलची पुडी ठेवा, पण व्हेंट असलेल्या डब्यात ती पावसाळाभर पुरत नाही, रंग बदलला की बदलायची.

डबा उन्हाच्या माऱ्यात नको. उत्तरेकडे तोंड, वर पत्र्याचा लहान छज्जा. बॅटरीचं आयुष्यही त्याने वाढतं.

पायरी ९: वीज कमीत कमी वेळ

गंज भराभर वाढतो तो व्होल्टेजमुळे, तर ते देऊच नका. सेन्सर सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. ईएसपी३२ च्या पिनवरून एखादा चालतो, चार-पाच असतील तर मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. तासाला एकदा वीज द्यायची, अर्धा-एक सेकंद आकडा स्थिर होऊ द्यायचा, काही नमुने घेऊन मधला आकडा ठेवायचा आणि वीज बंद. उसाला मिनिटामिनिटाला ओलावा कळून काही करता येत नाही. चोवीस तास वीज असलेल्या सेन्सरच्या तुलनेत गंजाची संधी यानेच कितीतरी पटीने घटते, आणि त्याला एक रुपयाचंही कोटिंग लागत नाही.

पूर आणि पावसाळा

नदीकाठच्या मळीच्या रानात हे वेगळं लिहावंच लागतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या रानात पाणी किती फुटांना येतं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतं. त्याच्या तीन-चार फूट आधीच डबा काढून आणायचा असं ठरवून टाका. त्यासाठी डबा हाताने सुटणाऱ्या दोन विंग नटांवर अडकवलेला असावा आणि केबलला डब्याखाली आयपी६७ चा एम१२ प्रकारचा स्क्रू कनेक्टर असावा. सुटलेल्या दोन्ही तोंडांना टोपणं लावायची. टोपण नसेल तर तो कनेक्टर उघड्या वायरीपेक्षा बरा नाही, गाळ आत बसला की पिना गेल्याच. मातीतला सेन्सर तिथेच राहू द्या, नीट बंद केला असेल तर त्याला पुराचं पाणी आणि ठिबकचं पाणी सारखंच.

डबा बुडालाच तर आधी बॅटरी काढा. गाळ वाळू देऊ नका, ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग दोन दिवस वाळवा. ‘चालू होतो का बघू’ म्हणून ओल्या बोर्डला वीज दिली की वाचणारा बोर्डही जातो. भिजलेली लिथियम बॅटरी परत चार्ज करायची नाही.

मृगाच्या आधी एकदा फेरी मारा: ग्लँड आवळा, झाकणाचं रबर पुसा, उन्हाने करपलेले पांढरे केबल टाय काढून काळे घाला. मीटरने प्रत्येक कोर ते ओली माती असा रेझिस्टन्स बघा. बादलीसारखंच इथेही मीटरवर काहीच दिसायला नको. आकड्यांवरूनही कळतं. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी खाली न येणारा आकडा म्हणजे कडेतून पाणी शिरलंय. केबल हलवली की उडी मारणारा आकडा म्हणजे सांधा गेला. दुपारी एकीकडे आणि पहाटे दुसरीकडे जाणारा आकडा मात्र गंज असेलच असं नाही, या सेन्सरवर तापमानाचाही परिणाम होतो, म्हणून रोज एकाच वेळचे, शक्यतो पहाटेचे आकडे ताडून बघा.

पाणी प्यायलेला सेन्सर उन्हात वाळवून काही दिवस सुधारतो आणि पुन्हा बिघडतो. त्यावर वरून इपॉक्सी फासण्यात अर्थ नाही, ओल आतच कोंडली जाते. तो काढून टाका, केबल मात्र कापून पाहा. आतली तार चकचकीत निघाली तर पुढच्या सेन्सरला तीच वापरा. काळी निघाली तर चकचकीत तार लागेपर्यंत वीत-वीत कापत मागे या.